बत्तीस पायऱ्यांची सायकल

हलकी सायकल घ्यावी की साधी, असं मला कुणी विचारलं की मी किंमत विचारत नाही आणि रंगही विचारत नाही. एवढंच विचारते, तुमच्या वाटेत जिने किती? विचारणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतात. थट्टा नाही. आमचं नागपूर सपाट. इथं जड सायकल आणि हलकी सायकल यांच्यात फरक पडतो तो पहिल्या चार पायडलांचा. एकदा चाक फिरायला लागलं की दोघी सारख्याच पळतात, आणि उन्हात दोघींवरच्या बाया सारख्याच घामाघूम होतात. पंधरा वर्षं सायकल चालवून झाल्यावर हे सांगते आहे, ऐकीव नाही.

जिना आला की मात्र गोष्ट वेगळी. माझ्या वाटेत बत्तीस पायऱ्या होत्या. चढायच्या बत्तीस आणि उतरायच्याही बत्तीस, पण उतरायच्या मी धरत नाही.

तेविसाव्या वर्षी मी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शाळा कामठीच्या रस्त्याला, आमच्या वस्तीपासून सायकलने पाऊण तासावर. आमच्या घरात नेमणुकीचा कागद आणणारी मी पहिली. बाबा मिलमध्ये होते, साच्यांवर, म्हणजे मागांवर. त्यांच्या खात्यातली माणसं त्या वर्षी कमी व्हायला लागली होती आणि पुढचा नंबर कुणाचा, याची रोज चर्चा चालायची. त्यामुळे माझा पगार ही घरात कुणी उघड न बोलता धरून ठेवलेली गोष्ट होती. पण नेमणूक तात्पुरती, एका वर्षाची. वर्षाच्या शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेरा लिहिणार आणि त्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी बसणार ते ठरणार.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण घड्याळाच्या होत्या. सात वाजले की त्या हजेरीपटावर शेवटच्या सहीखाली लाल रेघ ओढत. रेघेच्या वर सही केली तर वेळेवर, खाली केली तर उशीर. कारण विचारायची पद्धत नव्हती.

आणि वाटेत रेल्वेचं फाटक होतं. सकाळी साडेसहाच्या पुढेमागे कोळशाच्या मालगाड्या जायच्या, एकामागून एक, अगदी निवांत. फाटक पडलं की वीस-वीस मिनिटं उघडत नसे. शेजारी पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल होता. घाई असलेले पुरुष सायकलच्या दांडीखाली खांदा घालत आणि बिडी तोंडातून न काढता पूल चढून जात. बायकांच्या सायकलला दांडी नसते, म्हणजे खांदा घालायला जागाच नाही. एका हाताने सीटखालची नळी धरायची, दुसऱ्या हाताने पुढची तिरपी नळी, पदर खोचायचा आणि चढायचं. रुजू होण्याआधी एका रविवारी शेजारणीची सायकल मागून नेऊन मी हा प्रयोग करून पाहिला. अठराव्या पायरीवर हात सुटले. सायकल माझ्या पायावरून खाली गेली आणि खालून एक दूधवाला ओरडला, तो काय म्हणाला ते लिहीत नाही.

तेव्हा मी ठरवलं, हलकीच सायकल घ्यायची.

सीताबर्डीच्या दुकानात ती टांगून ठेवली होती. पातळ नळीची फ्रेम, बारीक चाकं, हिरवा रंग. दुकानदाराने ती काढून एका बोटावर धरून दाखवली. बाबांनी फ्रेमवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं.

"पापडासारखी वाजून राहिली," ते म्हणाले. "हिच्यावर माणूस बसते, का नुसता फोटो काढते?"

साधीपेक्षा दीडपट किंमत होती. बाबांना ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या लेखी सायकल वजनानेच टिकते. त्यांची स्वतःची सायकल म्हणजे म्हैस होती, काळी, रुंद आणि कशालाही न हलणारी. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी त्याच सायकलवर आईला मागे आणि मला पुढे दांडीवर बसवून ते मैदानावर घेऊन गेले होते. मी पाच वर्षांची. मला आठवतं ते एवढंच की दांडीला टॉवेल गुंडाळला होता, आणि आईच्या नव्या पांढऱ्या लुगड्याला चैनीचं काळं लागलं म्हणून ती दिवसभर हळहळत होती. तेव्हापासून जी सायकल तीन माणसं नेत नाही तिला बाबा सायकल म्हणत नसत.

शेवटी आईनेच दुकानात त्यांना गप्प केलं. "चालवाची तिले आहे, तुम्हाले नाही."

बाबांनी मान्य केलं, पण एका अटीवर. "ठीक आहे. पण सामान मी लावीन."

इथं आमचं चुकलं, आणि अशी चूक फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. दीडपट किंमत देऊन हलकी सायकल घरी आणायची आणि मग तिला उघडी-वाघडी बघून सगळ्या घराचा जीव कासावीस व्हायचा. पहिल्याच रविवारी बाबांनी पूर्ण चैनकव्हर बसवलं, कारण आईच्या डोळ्यांपुढून ते पांढरं लुगडं अजून गेलं नव्हतं. मग साडी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला दोन्हीकडून जाळी. मग कॅरियर. ते दुकानातलं नाही, मिलच्या फिटरकडून खास सळया वाकवून जोडून घेतलेलं. बाबा त्यावर स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "दोघं बसले तरी वाकत नाही." दोन पायांचा स्टँड आला. डायनमो आणि दिवा आला. मी म्हटलं, "बाबा, शाळा सकाळची आहे." ते म्हणाले, "अन् कधी ग्रहण लागलं तं?" पुढे लोखंडी टोपली आली, डब्यासाठी. कुलूप आलं, त्याची साखळी बैल बांधायच्या मापाची. दर रविवारी काहीतरी यायचं. बाबा गोणपाटावर पान्हे मांडून बसत, तेल देत, सगळं कसून बघत, आणि मी शेजारी बसून चहा पीत त्यांच्याकडे बघत असे. त्यांना एवढं खूश मी क्वचित पाहिलं होतं. नाही कोण म्हणणार?

पावसाळा संपला आणि फाटक रोज पडायला लागलं. पुलावर पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, काहीतरी गडबड आहे. शेजारणीची सायकल अठराव्या पायरीला सुटली होती, ही बाराव्यालाच ओढायला लागली. स्टँड प्रत्येक पायरीला घोट्यावर आपटायचा. टोपलीतल्या डब्यातून वरण सांडायचं. वर जाईपर्यंत मला तीनदा टेकावं लागे. मागून येणारे म्हणायचे, "द्या बाई, नेतो मी." एकदा दिली. तो गृहस्थ वर पोचेपर्यंत माझं गाव, माझी शाळा आणि लग्न कधी करणार हे सगळं विचारून मोकळा झाला. पुन्हा कुणाला दिली नाही.

एका महिन्यात माझ्या तीन सह्या लाल रेघेखाली गेल्या. दुसऱ्या महिन्यात चार. मग मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि टंकलेला, शिक्का मारलेला मेमो हातात दिला. यापुढे एकदाही उशीर झाल्यास नेमणूक पुढे चालू ठेवण्याबाबत विचार करावा लागेल, असं त्यात होतं. पोच म्हणून मी सही केली. वर्गात जायची घंटा झाली होती. पर्समध्ये ठेवला तर आई भाजीला पैसे काढताना बघेल, म्हणून मधल्या सुट्टीत मी तो कागद चौकोनी घडी करून सायकलच्या सीटखाली पान्ह्यांची छोटी चामडी पिशवी असते तिच्यात कोंबला. तिथं कोण बघतंय, असं मला वाटलं. माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं.

घरी मी काही बोलले नाही. सांगणार काय? बाबा, तुम्ही मायेने लावलेल्या सामानाने माझी नोकरी जाते आहे? ते रात्रपाळी करून यायचे आणि झोपण्याआधी माझ्या सायकलच्या चाकात हवा आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचे. रोज पहाटे मी अंथरुणावर डोळे उघडायची ती फाटकाची काळजी घेऊनच. मी घरून अर्धा तास आधी निघायला लागले. आईला सांगितलं, शाळेत तयारी असते.

असे दहा-बारा दिवस गेले. मग एका रविवारी बाबा अचानक म्हणाले, "चाल टालावर. तुया हलक्या सायकलचा आज सोक्षमोक्ष लावू. मले वाटते, त्या दुकानदारानं फसोलं तुले."

जळाऊ लाकडाचा टाल आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. टालवाला बाबांचा जुना दोस्त. शाळेत चार वर्षं गेलेला, त्यामुळे वस्तीतल्या सगळ्यांची पत्रं वाचून देणारा. लाकडं तोलायचा मोठा काटा तिथं आडव्या वाशाला टांगलेला असे. त्याची दोन्ही पारडी त्या दोघांनी काढून ठेवली. एका बाजूच्या आकड्याला दोराने बाबांची म्हैस टांगली आणि दुसऱ्या बाजूला माझी हिरवी.

माझी खाली गेली.

थोडीथोडकी नाही, चांगली हातभर खाली गेली. म्हैस वर हवेत गरगर फिरत राहिली. टालवाला हसून हसून ओंडक्यावर बसला. मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं. दीडपट किंमत देऊन मी रोज म्हशीपेक्षा जड सायकल घेऊन जिना चढत होते.

"पाह्य," बाबा म्हणाले, पण जिंकल्यासारखे म्हणाले नाहीत.

"अरे गा," टालवाला म्हणाला, "तिच्या अंगावरचे दागिने तं उतरव. मंग तोल."

बाबांनी खिशातून पान्हा काढला. पान्हा ते घरूनच घेऊन आले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांनी आधी कॅरियर सोडवलं, मग स्टँड, मग टोपली, डायनमो, दिवा, दोन्हीकडची जाळी, साखळीचं कुलूप. प्रत्येक वस्तू गोणपाटावर ठेवताना ते ती एकदा हातात तोलून बघत होते. चैनकव्हरापाशी थोडे थांबले, मग तेही काढलं. ढीग वाढत गेला आणि माझी हिरवी हळूहळू वर यायला लागली.

मग त्यांचा हात सीटखालच्या पिशवीकडे गेला. मेमो आत होता.

"हे राहू दे," बाबा म्हणाले. "हिच्यात असून असून का असते?"

त्यांनी हात मागे घेतला आणि मी श्वास सोडला.

आता म्हैस खाली आणि हिरवी वर. पण मी मास्तरीण होते, मला खोटा हिशेब चालत नाही. मी म्हटलं, "हे बरोबर नाही. तुमच्याही सायकलचं कॅरियर अन् स्टँड काढा. उघडीले उघडी तोला." बाबांनी माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं आणि म्हशीचेही दागिने उतरवले. फरक एकदम कमी झाला. टालवाल्याने माझ्या बाजूला लाकडाचा एक फाटा बांधला, तो जास्त झाला. मग मी घरून दुसरी 'ब'च्या वह्यांचा गठ्ठा आणला आणि दोराने हिरवीला अडकवला. काटा सरळ झाला.

म्हणजे पातळ नळी आणि बारीक चाकं मिळून फरक किती? चाळीस पोरांच्या शुद्धलेखनाच्या वह्यांएवढा.

"एवढ्यासाठी दीडपट?" बाबा म्हणाले.

"बत्तीस पायऱ्या आहेत बाबा," मी म्हटलं. मग जीभ चावली, कारण पुलाविषयी मी घरात कधी बोललेच नव्हते. पण बाबा वाकून गोणपाट बांधत होते. त्यांनी ऐकलं नसावं, असं मी धरून चालले.

आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच आहे. हलक्या फ्रेमने वाचतं ते एक गठ्ठा वह्यांएवढं. ते कमी नाही, पण फारही नाही. बाकीचं ओझं आपण आपल्या हौसेने, भीतीने आणि प्रेमाने लावलेलं असतं. ते उतरवायची तयारी नसेल तर साधी सायकल घ्या. तयारी असेल तर अठराव्याच्या वरच्या पायऱ्यांवर त्या गठ्ठ्याची किंमत कळते.

सोमवारी फाटक पडलेलंच होतं. मी पदर खोचला, निऱ्यांना मोठी पिन लावली, हिरवी उचलली आणि चढायला लागले. बारा झाल्या. अठरा झाल्या. घोट्यावर काही आपटत नव्हतं. पंचविसाव्या पायरीला दम लागला, पण हात सुटले नाहीत. वर पोचले तेव्हा खालून मालगाडी जात होती. तिचा गार्ड माझ्याकडे बघत होता आणि मी पुलावर उभी राहून एकटीच हसत होते. इतकं मोकळं मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. शाळेत पोचले तेव्हा सात वाजायला आठ मिनिटं कमी होती आणि मोठ्या बाईंची लाल पेन्सिल अजून डबीतच होती.

उघड्या सायकलीचे त्रास होते. स्टँड नाही म्हणून ती भिंतीला टेकवून ठेवावी लागे. साडीला काळं लागायचं आणि आई ते रॉकेलने काढता काढता बडबडायची. डबा खांद्यावरच्या पिशवीत, वह्या शाळेतच तपासायच्या. पण उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत माझी एकही सही रेघेखाली गेली नाही. दोनदा तर फाटकही नीट वागलं.

एप्रिलमध्ये कायम झाल्याचा कागद आला. मी भर दुपारी सायकल हाकत घरी आले. बाबा जेवून नुकतेच बाजेवर टेकले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचायला वेळ लागायचा. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत ते वाचत होते आणि मी शेजारी उभी होते. 'कायम' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून बराच वेळ बसले. मग ते उठले, बाहेर गेले, माझ्या सायकलच्या सीटखालच्या पिशवीचा पट्टा सोडला आणि चौकोनी घडी घातलेला मेमो काढून माझ्यासमोर धरला.

"आता हा फाड," ते म्हणाले.

"तुम्हाले कसं माहीत?" मी विचारलं.

"मिलमधी मलेही भेटला होता असा, दोनदा. शिक्का पाहूनच समजलो. 'उशीर' वाचता आलं मले. बाकीचं टालवाल्यानं वाचून देल्लं. मंग एक दिवस पाळी सुटल्यावर घरी नाही आलो. फाटकावर येऊन उभा राहिलो. तू तीनदा टेकली."

"तुम्ही तिथं होते? मग वर काहून नाही आले?"

"आलो असतो तं तुले समजलं असतं, का मी कागद वाचला." त्यांनी मेमोवरची धूळ बोटाने पुसली. "तुले सांगाचं नव्हतं, म्हणून मी नाही इचारलं. पण कॅरियर तं मीच लावलं होतं ना वं. मलेच काढाचं होतं."

इतके महिने मला वाटत होतं की तो पूल मी एकटी चढते आहे. मी रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, अंगावरचं सगळं एकदम उतरल्याचं होतं. मग मी मेमो फाडला. आधी उभा, मग आडवा, मग अगदी बारीक.

आतून आईने विचारलं, "का फाडून राहिले वं?"

"काही नाही, रद्दी आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी बाजेखालून गोणपाट ओढलं, दोरी सोडली आणि त्यातून पान्हा काढला. "चैनकव्हर लावून देऊ का? तुये मायची कटकट तं मिटंल."

मी म्हटलं, "लावा. पण बाकीचं राहू द्या."